गारचॉम्प की सॅलमेन्स? दोन पोकेमॉनची तुलना करायची कशी

पोकेमॉनच्या ऑनलाइन लढतींत नव्याने उतरलेला माणूस पहिल्या आठवड्यातच विचारतो, "गारचॉम्प भारी की सॅलमेन्स?" प्रश्न रास्त आहे. दोघेही ड्रॅगन. दोघेही लहानपणी किरकोळ आणि वाढवायला चिवट: गिबलचा गारचॉम्प व्हायला 48वी लेव्हल गाठावी लागते, बेगनचा सॅलमेन्स व्हायला 50वी. दोघांच्या सहा आकड्यांची बेरीज नेमकी 600. आणि टीममध्ये जागा मात्र एकाचीच उरलेली असते.

मी स्वतः हा प्रश्न बरेच महिने उलट्या टोकाने सोडवत होतो. दोघांना मनातल्या मनात समोरासमोर उभं करायचं, जो पडेल तो हलका, जो उरेल तो भारी. ही आमनेसामनेची झुंज तुलनेत सगळ्यात शेवटी बघायची असते, कारण तिचा निकाल एवढ्यातेवढ्यावरून फिरतो. किती सहज फिरतो ते पुढे आकड्यांनिशी दाखवतो. आधीच्या पायऱ्या मात्र गाळू नका.

हा लेख स्कार्लेट आणि व्हायोलेट (2022) हे गेम धरून लिहिला आहे. कथा खेळून झाली आहे, आता माणसांशी लढायचं आहे, असा वाचक समोर आहे. तिथल्या रँक्ड लढतींत सगळे पोकेमॉन 50व्या लेव्हलचे धरले जातात. सहा घेऊन जायचे. त्यातले सिंगल्समध्ये (एकास एक लढत) तीन आणि डबल्समध्ये (दोनास दोन) चार निवडून उतरवायचे. उदाहरण या दोघांचं असलं तरी पद्धत कुठल्याही जोडीला लागू पडते.

पहिली पायरी: बेरीज विसरा, वाटणी बघा

प्रत्येक पोकेमॉनचे सहा मूळ आकडे असतात. ते आधी कागदावर उतरवून घ्या.

गारचॉम्प: एचपी (म्हणजे जीव) 108, अटॅक 130, डिफेन्स 95, स्पेशल अटॅक 80, स्पेशल डिफेन्स 85, स्पीड 102.

सॅलमेन्स: एचपी 95, अटॅक 135, डिफेन्स 80, स्पेशल अटॅक 110, स्पेशल डिफेन्स 80, स्पीड 100.

नवखा माणूस 135 बघतो, 130 बघतो आणि सॅलमेन्सच्या बाजूने कौल देऊन मोकळा होतो. थोडं थांबा. एका पोकेमॉनला लढाईत चारच मूव्ह नेता येतात, आणि बहुतेक वेळा त्या एकाच जातीच्या असतात, म्हणजे एक तर फिजिकल नाही तर स्पेशल. फिजिकल मार देणाऱ्याला स्पेशल अटॅकचा आकडा बिनकामाचा. गारचॉम्पच्या 600 पैकी तिथे 80 वाया जातात, उरतात 520. सॅलमेन्सचे 110 जातात, उरतात 490. बेरीज सारखी दिसत होती, पण फिजिकल लढवय्या म्हणून गारचॉम्पने नको तिथे कमी खर्च केला आहे, आणि वाचलेलं अंगाच्या जाडीत घातलं आहे. म्हणून तो मार जास्त सोसतो.

मग सॅलमेन्सचे ते 110 फुकट का? नाही, ते वेगळ्या खिशात आहेत. सॅलमेन्स समोर आला की तो अंगावर धावून येणार की लांबून स्पेशल मारा करणार हे पहिल्या फटक्यापर्यंत कळत नाही. गारचॉम्पच्या बाबतीत ही शंका सहसा पडत नाही. तो फिजिकलच असणार. चौथ्या पिढीच्या गेममध्ये (डायमंड आणि पर्ल, 2006 पासून) स्मोगन या खेळाडूंच्या समुदायाने आपल्या मुख्य गटातून या दोघांनाही बाहेर काढलं होतं, आधी गारचॉम्पला आणि पुढे सॅलमेन्सला. सॅलमेन्सबद्दलची मुख्य तक्रार हीच: फिजिकल येईल, स्पेशल येईल की दोन्हींचं मिश्रण, याचा अंदाज चुकला की सावरायला जागाच नाही.

बेरजेचं वेड अजूनही उतरलं नसेल तर एक उदाहरण घ्या. 2014च्या विश्वविजेतेपद स्पर्धेत दक्षिण कोरियाचा से जुन पार्क जिंकला, तेव्हा त्याच्या टीममध्ये पाचिरीसू होता. खारीसारखा दिसणारा, आकड्यांची बेरीज अवघी 405. फॉलो मी ही मूव्ह वापरून समोरचे वार स्वतःकडे ओढायचे आणि जोडीदाराला मोकळं सोडायचं, एवढंच त्याचं काम, आणि ते त्याने चोख केलं. त्याच टीममध्ये गारचॉम्पही होता. 600चा आणि 405चा एकाच पंगतीत, कारण दोघांची कामं वेगळी.

दुसरी पायरी: स्पीड, आणि ते दोन गुण

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या जोडीत खरी गंमत इथेच आहे.

102 आणि 100. फरक दोनचा. स्पीडमध्ये मात्र फरक किती मोठा आहे याला काही अर्थ नसतो. ज्याचा आकडा एकाने जास्त तो आधी वार करतो, बस्स. अटॅकमधले पाच गुण म्हणजे चिमूटभर जास्त मार. स्पीडमधला एक गुण म्हणजे आधी कोण आणि नंतर कोण याचा पूर्ण निकाल.

आता 100 हा आकडा बघा. चॅरिझार्ड 100, झॅपडॉस 100, व्होल्कॅरोना 100, सॅलमेन्स 100. ही गर्दीची जागा आहे. या गर्दीतले दोघे पूर्ण स्पीड घेऊन समोरासमोर आले की बरोबरी होते आणि आधी कोण जाणार हे गेम नशिबावर सोडतो. गारचॉम्प 102 घेऊन या सगळ्या घोळक्याच्या एक पाऊल पुढे उभा आहे. सॅलमेन्सच्या नशिबी छापा-काटा, गारचॉम्पला ती वेळच येत नाही.

मूळ आकडा लढाईत जसाच्या तसा येत नाही, हेही समजून घ्या. 50व्या लेव्हलला हिशेब असा: मूळ आकड्याची दुप्पट करा, त्यात 31 मिळवा (हा जन्मजात गुण, आयव्ही, पूर्ण धरलाय), मग 63 मिळवा (ईव्ही म्हणजे सरावाने कमावलेले गुण; स्पीडमध्ये ते 252 घातले की त्याचा चौथा हिस्सा), आलेल्याचं अर्ध करा, 5 मिळवा. नेचर (पोकेमॉनचा स्वभाव) स्पीड वाढवणारं असेल, जसं जॉली, तर शेवटी 1.1 ने गुणा आणि अपूर्णांक सोडून द्या.

गारचॉम्प: 204 अधिक 31 अधिक 63 म्हणजे 298. अर्धे 149, अधिक 5 म्हणजे 154. जॉली नेचर असेल तर 169.

सॅलमेन्स: 200 अधिक 31 अधिक 63 म्हणजे 294. अर्धे 147, अधिक 5 म्हणजे 152. जॉली असेल तर 167.

169 विरुद्ध 167. आणि नेमक्या इथेच मी एकदा सपशेल तोंडावर पडलो होतो. गारचॉम्प सॅलमेन्सपेक्षा वेगवान असतो हे वाचलं होतं, ते डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि जास्त मार मिळावा म्हणून गारचॉम्पला अ‍ॅडमंट नेचर दिलं होतं. अ‍ॅडमंट अटॅक वाढवतं, स्पीड नाही. माझा गारचॉम्प 154 वर, समोरचा जॉली सॅलमेन्स 167 वर. तो आधी आला आणि मी स्क्रीनकडे बघत बसलो. गेममध्ये काही बिघाड आहे असं मला दोन मिनिटं खरंच वाटलं होतं. तेव्हा "अमका तमक्यापेक्षा वेगवान" असं कुठेही वाचलंत की पुढे विचारा: कुठल्या नेचरने, किती ईव्हींनी?

हा दोन गुणांचा फरक पुढेही पाठ सोडत नाही. सॅलमेन्सने एकदा ड्रॅगन डान्स केला की त्याचा स्पीड दीडपट होतो, 167चे 250. चॉइस स्कार्फ ही स्पीड दीडपट करणारी वस्तू घातलेल्या जॉली गारचॉम्पचे होतात 253. म्हणजे नाचून झालेल्या सॅलमेन्सलाही स्कार्फवाला गारचॉम्प मागे टाकतो, तीन गुणांनी. स्कार्फ घातला की पहिली निवडलेली मूव्हच मारत राहावी लागते, ही त्याची किंमत.

मेगा रूपं (खास दगड वापरून लढाईपुरती मिळणारी जास्त ताकदवान रूपं) असलेल्या जुन्या गेममध्ये हे सगळं उलटं व्हायचं. मेगा गारचॉम्पचा अटॅक 170 वर जातो, पण स्पीड 102 वरून 92 वर घसरतो. मेगा सॅलमेन्सचा स्पीड 100 वरून 120. एका दगडाने दोघांची जागा बदलते. जुने लेख वाचताना ते कुठल्या गेमबद्दल आहेत हे आधी बघा, नाहीतर आकडे बरोबर आणि निष्कर्ष साफ चुकलेला अशी गत होते.

तिसरी पायरी: टाइप

गारचॉम्प ड्रॅगन आणि ग्राउंड, सॅलमेन्स ड्रॅगन आणि फ्लाइंग. ड्रॅगनपणामुळे बरंच काही सारखं आहे: ड्रॅगन आणि फेअरी हल्ले दोघांनाही दुप्पट लागतात, आणि आइस तर दोघांनाही चौपट. आइस शार्डसारखी 40 ताकदीची फुटकळ मूव्हसुद्धा, जी स्पीड न बघता आधी लागते, या दोघांना जमिनीवर आणू शकते. 

त्यामुळे सारख्या गोष्टींवर वेळ घालवू नका. वेगळं काय तेवढंच लिहा. इलेक्ट्रिक हल्ल्याचा गारचॉम्पवर शून्य परिणाम, सॅलमेन्सला तो सरळ लागतो. ग्राउंड हल्ल्याचं नेमकं उलट: सॅलमेन्सला शून्य, गारचॉम्पला सरळ. ग्रास हल्ला सॅलमेन्सला पाव, गारचॉम्पला पूर्ण. वॉटर आणि फायटिंग सॅलमेन्सला निम्मे, गारचॉम्पला पूर्ण. रॉक सॅलमेन्सला दुप्पट, गारचॉम्पला निम्मा.

या यादीत सॅलमेन्स जास्त ठिकाणी वरचढ दिसतो. पण तो रॉकचा मुद्दा सिंगल्समध्ये फार महागात पडतो. स्टेल्थ रॉक ही मूव्ह मैदानावर दगड पसरवून ठेवते आणि त्यानंतर आत येणाऱ्या प्रत्येकाला रॉक टाइपप्रमाणे मार बसतो. सॅलमेन्सला दर वेळी एकूण एचपीच्या पाव, गारचॉम्पला सोळावा हिस्सा. सॅलमेन्सला दोनदा आत-बाहेर केलं की काहीही न करता निम्मा संपतो. पायात हेवी ड्यूटी बूट्स चढवले तर दगड लागत नाहीत, पण मग वस्तूची जागा त्यातच गेली. वर तो दगड पसरवणारा गारचॉम्प स्वतःच असू शकतो! ही मूव्ह त्याला येते. डबल्समध्ये दगडांचा वापर क्वचितच होतो, म्हणून तिथे हा मुद्दा जवळजवळ खोडून टाका.

टेरास्टलायझेशनने टाइपचं गणित एका लढाईत एकदा बदलता येतं. गारचॉम्प स्टील टेरा झाला की आइस आणि फेअरीची भीती संपते, ड्रॅगन हल्लाही निम्मा होतो, पण ग्राउंड दुप्पट लागू लागतो. हे हुकमाचं पान टीममध्ये एकालाच वापरता येतं, म्हणून तुलना करताना आधी टेराशिवाय करा आणि मग विचारा की पान कोणावर खर्च करणार.

चौथी पायरी: अंगभूत क्षमता

इथे सॅलमेन्स बाजी मारतो, निदान माझ्या मते. त्याची इंटिमिडेट ही क्षमता मैदानात पाऊल टाकताच समोरच्यांचा अटॅक एक पायरी खाली आणते, म्हणजे दोन तृतीयांशावर. डबल्समध्ये दोघांचाही. काही न करता, एकही मूव्ह न खर्च करता. बाहेर जाऊन परत आला की पुन्हा.

गारचॉम्पची रफ स्किन म्हणजे खरखरीत कातडी. त्याला अंगाला अंग लावून जो मारेल त्याच्या एकूण एचपीच्या आठवा हिस्सा झडतो. लांबून मारणाऱ्याला काही होत नाही. छान आहे, पण समोरच्याने आपल्याला मारल्यावरच उपयोगी पडणारी आहे.

एक खाच लक्षात ठेवा: इंटिमिडेट फक्त तेव्हा मैदानात असलेल्यांवर चालते. सॅलमेन्स आधीपासून उभा असेल आणि गारचॉम्प नंतर आत आला, तर त्याचा अटॅक शाबूत राहतो. पुढच्या हिशेबात याचा उपयोग होईल.

पाचवी पायरी: काम ठरवा

तुम्हाला या जागेवर कोण हवंय ते एका वाक्यात लिहा. वाक्य जमत नसेल तर तुलना करायची वेळच आलेली नाही. आधी बाकीचे पाच जण ठरवा.

"सुरुवातीलाच जोरदार मारणारा, दगडही पसरवणारा" असं वाक्य असेल तर गारचॉम्प. अर्थक्वेकची ताकद 100, अचूकपणा पूर्ण, आणि स्वतःच्या टाइपची मूव्ह असल्याने दीडपट. सॅलमेन्सलाही अर्थक्वेक येतो, पण तो ग्राउंड नसल्याने ही दीडपट त्याला नाही.

"एकदा संधी साधून बळ वाढवणारा आणि मग उरलेल्यांना झोडपणारा" हवा असेल तर दोघेही उमेदवार, पण रीत वेगळी. गारचॉम्पच्या स्वॉर्ड्‌स डान्सने अटॅक दुप्पट होतो, स्पीड आहे तिथेच. सॅलमेन्सच्या ड्रॅगन डान्सने अटॅक दीडपट आणि स्पीडही दीडपट. समोरची टीम मंद आणि जाड असेल तर पहिला, चपळ आणि नाजूक असेल तर दुसरा.

"समोरच्या फिजिकल मारेकऱ्यांना बोथट करणारा, वर लांबून एक जबर फटका देणारा" असेल तर सॅलमेन्सला पर्याय नाही.

सॅलमेन्सची एक उणीवही सांगतो. फ्लाइंग असून त्याच्या हाती वर्षानुवर्षं धड फिजिकल फ्लाइंग मूव्ह नव्हती. फ्लाय मारायला दोन फेऱ्या लागतात, एरियल एस 60 ताकदीची. मेगा सॅलमेन्सची दहशत होती ती बरीचशी याचमुळे: एरिलेट या क्षमतेने नॉर्मल टाइपच्या दणकट मूव्ह फ्लाइंग व्हायच्या आणि ते भोक बुजायचं. टाइप कागदावर असणं आणि त्या टाइपची उपयोगी मूव्ह हाती असणं, या दोन गोष्टी प्रत्येक पोकेमॉनसाठी वेगवेगळ्या तपासा.

सहावी पायरी: आता लावा झुंज

डॅमेज कॅल्क्युलेटर उघडा आणि माझ्याबरोबर आकडे टाका. दोघेही 50व्या लेव्हलचे, जॉली, अटॅक आणि स्पीडमध्ये 252-252 ईव्ही, बाकी कशात नाही. गारचॉम्पचा एचपी 183, अटॅक 182, डिफेन्स 115. सॅलमेन्सचा एचपी 170, अटॅक 187, डिफेन्स 100. दोघांच्याही हाती ड्रॅगन क्लॉ, ताकद 80. वस्तू नाही, टेरा नाही.

गेम प्रत्येक फटक्याला 85 ते 100 टक्क्यांमधल्या सोळा पायऱ्यांपैकी एक नशिबाने निवडतो, म्हणून उत्तर नेहमी "इतक्यापासून तितक्यापर्यंत" असं येतं.

आधी क्षमता बाजूला ठेवू. गारचॉम्प 169 स्पीडने आधी. त्याचा फटका 168 ते 198. सॅलमेन्सचा एचपी 170. सोळापैकी चौदा वेळा खेळ तिथेच खलास. सॅलमेन्सचा फटका मोजला तर 150 ते 176, म्हणजे 183 एचपीचा गारचॉम्प एका फटक्यात पडत नाही. "गारचॉम्प भारी" म्हणणारे इथेच वही बंद करतात.

आता दोघे एकाच वेळी मैदानात उतरले असं धरा. इंटिमिडेट लागू झाली. गारचॉम्पचा अटॅक 182 वरून 121. फटका आता 110 ते 132. सॅलमेन्स उभा राहतो, किमान 38 एचपी शिल्लक ठेवून. तो उलट ड्रॅगन क्लॉ मारतो, गारचॉम्पचे 150 ते 176 जातात, पण ड्रॅगन क्लॉ अंगाला लागणारी मूव्ह असल्याने रफ स्किन सॅलमेन्सचे 21 खाते. पुढच्या फेरीत पुन्हा गारचॉम्प आधी. सॅलमेन्स संपला. निकाल तोच, पण गारचॉम्पकडे उरले 7 ते 33. जिंकलाय म्हणायचं इतकंच.

आता सॅलमेन्सचे ते 110 बाहेर काढू. नेचर टिमिड (हेही स्पीड वाढवतं), ईव्ही स्पेशल अटॅक आणि स्पीडमध्ये, हाती ड्रॅको मिटिअर, ताकद 130. स्पीड तोच 167, डिफेन्स तोच 100. गारचॉम्प आधी मारतो, 110 ते 132, सॅलमेन्स उभा. आणि मग ड्रॅको मिटिअर: कमीत कमी 228. गारचॉम्पकडे 183 आहेत. लांबून मारल्याने रफ स्किनही हात चोळत बसते. सॅलमेन्स जिंकला. दहापैकी एकदा ही मूव्ह हुकते, तेवढीच गारचॉम्पला आशा.

गारचॉम्पच्या मालकाने मग क्लिअर अ‍ॅम्युलेट घातलं. या वस्तूमुळे समोरच्याला त्याचे आकडे खाली आणता येत नाहीत, इंटिमिडेट वाया. पुन्हा 168 ते 198, पुन्हा सोळापैकी चौदा वेळा गारचॉम्प.

किंवा त्याने असॉल्ट व्हेस्ट घातलं, जे स्पेशल डिफेन्स दीडपट करतं. टिमिड सॅलमेन्सचा ड्रॅको मिटिअर आता 152 ते 182. एचपी 183. सगळ्यात जोराचा फटका बसला तरी गारचॉम्प एका एचपीवर उभा राहतो आणि पुढच्या फेरीत दुसऱ्या क्लॉने सॅलमेन्सला झोपवतो. पहिल्यांदा हे आकडे आले तेव्हा माझा विश्वास बसेना म्हणून मी तीनदा टाकून पाहिले. मात्र हे व्हेस्ट घातलं की नुसत्या मारणाऱ्याच मूव्ह वापरता येतात, स्वॉर्ड्‌स डान्स आणि स्टेल्थ रॉक दोन्ही विसरा.

आणि सॅलमेन्सने स्टील टेरा वापरला तर? मग ड्रॅगन क्लॉ गुदगुल्या. गारचॉम्प फेअरी टेरा झाला तर ड्रॅको मिटिअर शून्य. खडाखडी अशी कितीही वेळ चालू ठेवता येते. पाच-सहा निकाल वहीत लिहा आणि प्रत्येकासमोर तो कशामुळे फिरला तेवढं टिपा: नेचर, मूव्ह, वस्तू, आत येण्याचा क्रम. उपयोगाचा भाग तो टिपलेला शब्द आहे. समोर सॅलमेन्स आला की तुमच्या गारचॉम्पने थांबायचं की पळायचं, हे त्या शब्दावरून कळतं.

सातवी पायरी: दोघांनाही घेतलं तर?

हा विचार नवख्यांच्या मनात सहसा येत नाही, कारण प्रश्नच "हा की तो" असा पडलेला असतो. डबल्समध्ये अर्थक्वेक मैदानातल्या सगळ्यांना लागतो, स्वतःच्या जोडीदारालाही. मी सुरुवातीला गारचॉम्पशेजारी इलेक्ट्रिक पोकेमॉन उभा करून समोरच्या दोघांबरोबर आपलाही एक गाडला आहे, आणि तो समोरच्यांच्या आधी पडला. शेजारी फ्लाइंग सॅलमेन्स असेल तर त्याला हादरा लागतच नाही. वर त्याची इंटिमिडेट गारचॉम्पला फिजिकल मारापासून वाचवते. अनेकांना एकदम लागणाऱ्या मूव्हची ताकद डबल्समध्ये तीन चतुर्थांश होते, तरी स्वतःच्या टाइपच्या दीडपटीने ती भरून निघते.

अडचण एकच, पण ती मोठी: दोघांनाही आइस चौपट. ब्लिझार्डही डबल्समध्ये समोरच्या दोघांना एकदम लागतो. ही जोडी लावायची असेल तर उरलेल्या चारांत आइस अंगावर घेणारा एक तरी हवाच, शक्यतो स्टील. एकाला याचे बेरीही देता येते. ती आइसचा पहिला जबर मार निम्मा करते. सहाही जणांना वेगवेगळी वस्तू द्यावी लागते या नियमामुळे दुसऱ्याला तीच देता येत नाही.

आठवी पायरी: वीस लढती

प्रत्यक्ष पोकेमॉन वाढवण्याआधी पोकेमॉन शोडाऊनवर खेळून बघा. ब्राउझरमध्ये चालतं, नेचर आणि ईव्ही हवे तसे टाकता येतात, पकडापकडीची दगदग नाही. बाकीचे पाच जण तेच ठेवा. दहा लढती गारचॉम्प घेऊन, दहा सॅलमेन्स घेऊन. मधे दुसरं काहीही बदलू नका. हात शिवशिवतील, तरी नको.

हार-जीत मोजाच, पण दहा लढतींच्या हार-जितीवर फार भरवसा ठेवू नका, नशिबाचा वाटा मोठा असतो. त्याऐवजी प्रत्येक लढतीनंतर दोन ओळी लिहा. तो मैदानात उतरला का, की निवडताना तुम्हीच त्याला मागे ठेवलं? आणि तो पडला तर कशाने? वीस लढतींनंतर पहिल्या प्रश्नाचं उत्तर बघून तुम्ही चकित व्हाल. माझ्या वहीत सॅलमेन्स दहापैकी चार वेळाच उतरला होता, आणि ज्या सहा वेळा मी त्याला बसवून ठेवलं, त्यातल्या पाच वेळा समोरच्या टीममध्ये आइसवाला आधीच दिसत होता. गारचॉम्पला मी त्याच आइसवाल्यांसमोर बिनधास्त उतरवत होतो. चौपट मार दोघांनाही तोच. फरक फक्त माझ्या भीतीत होता. त्यानंतरच्या दहा लढती मी सॅलमेन्सला दर वेळी उतरवायचाच, असं ठरवून खेळलो.